दाढेतला किडा

माझ्या लहानपणी आमच्या परभणी जिल्ह्यातल्या आठवडी बाजारात, बांगड्यांच्या आणि भांड्यांच्या दुकानांपलीकडे गर्दी जरा विरळ व्हायची तिथे, दाढेतले किडे काढणारा बसत असे. सामान अगदी थोडे. निखाऱ्यांचे एक खापर, पाण्याने भरलेली थाळी, एक पोकळ नळी, तेलाची बाटली आणि फडक्यात बांधलेल्या भुईरिंगणीच्या वाळक्या बिया. गाल धरून आलेला माणूस समोर उकिडवा बसे. तेलात घोळलेल्या बिया निखाऱ्यांवर पडत, तडतडत, धूर उठे. तो धूर नळीने दाढेपर्यंत पोचवायचा आणि तोंडातली लाळ खालच्या थाळीत गळू द्यायची. पाचदहा मिनिटांनी थाळीतल्या पाण्यात तांदळाच्या कणीहूनही लहान, पांढरे, वाकडे किडे दिसू लागत. भोवतालची माणसे वाकून बघत, कुणी मोजतही. ठणका जरासा कमी झालेला असे. पैसे देऊन माणूस उठे.

आम्ही मुलांनी ते किडे डोळ्यांनी पाहिले होते. त्यामुळे पुढे शाळेत 'दातात किडेबिडे काही नसतात' असे गुरुजींनी सांगितले तेव्हा कुणाचाच विश्वास बसला नाही. थाळीतले किडे मग आले कुठून, हे मात्र गुरुजींनी सांगितले नाही.

याचे उत्तर वर्गात सहज दाखवता येते. टोमॅटोचे किंवा वांग्याचे बी रात्रभर पाण्यात भिजत घाला. सकाळी ते काचपट्टीवर ठेवून कडेला सुईने छेद द्या, हलकेच दाबा आणि बाहेर आलेला भाग भिंगातून पाहा. आत एक पांढरा, गुंडाळी करून बसलेला भ्रूण दिसतो. बारीक अळीच म्हणा ना! भुईरिंगणी, वांगे, टोमॅटो, मिरची ही सगळी एकाच कुळातली झाडे, आणि वाकडा भ्रूण ही त्या कुळातल्या बियांची ओळखीची खूण. बी निखाऱ्यावर तापले की फुटते, भ्रूण उडून बाहेर पडतो. थाळीतले किडे हे असे बियांतले होते. बाजारातल्या त्या माणसाला हे माहीत होते की नव्हते, कोण जाणे. माझा अंदाज असा की अशा पुष्कळ जणांचा स्वतःचाही त्या किड्यांवर विश्वास असावा.

हा उलगडा फार जुना आहे. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग शहरात याकोब शेफर नावाचा एक पाद्री राहत असे. त्याला कीटक, बुरशी, वनस्पती अशा सगळ्यांत रस. दातातल्या 'काल्पनिक' किड्यांवर त्याने १७५७ साली एक पुस्तकच लिहिले. तिकडे रिंगणीच्या जागी खुरासानी ओव्याच्या बिया वापरत, आणि तोही याच कुळातला. किडे दातातून येत नाहीत, तापलेल्या बियांतून येतात, हे शेफरने दाखवून दिले. खुरासानी ओव्यात गुंगी आणणारी द्रव्ये असतात, त्यामुळे काही काळ आराम वाटला तर नवल नाही. तुमच्या विद्यार्थ्यांना इथे एक प्रश्न जरूर विचारा: हे तपासायला शेफरच्या जागी तुम्ही काय केले असते? कुणीतरी सांगेलच, की रोग्याला न बसवता नुसता धूर करून पाहिला असता.

दातातल्या किड्याची कल्पना मात्र शेफरपेक्षा किती तरी जुनी. बॅबिलोनच्या एका मातीच्या पाटीवर कोरलेल्या मंत्रात किडा देवांकडे दात आणि हिरडी यांच्यामध्ये राहायला जागा मागतो, अशी कथा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममधल्या स्क्रिबोनियस लार्गस या वैद्याने खुरासानी ओव्याची धुरी सांगितली आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत 'कृमिदंतक' हा रोग येतो. काळे छिद्र पडलेला, हलणारा, स्रवणारा, सुजलेला आणि काही कारण नसताना ठणकणारा दात, असे त्याचे वर्णन आहे. गंमत अशी की नावात कृमी असला तरी दोष वाताला दिला आहे. मराठीतही दात 'किडतो'च. शब्दातून किडा जात नाही, आणि म्हणून 'दाताची कीड' शिकवताना मुलांच्या डोळ्यांपुढे अळी उभी राहते, हे शिक्षकाने लक्षात ठेवलेले बरे.

नाडी कोणत्या दाताची?

सुश्रुताच्या दंतरोगांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो कृमिदंतक नव्हे, तर 'दंतनाडी'. इथे नाडी म्हणजे मनगटाची नव्हे. खोल कुठे तरी साठलेला पू ज्या पोकळ वाटेने बाहेर झिरपतो ती वाट म्हणजे नाडी. हिरडीवर मुगाएवढी पुळी येते, फुटते, खारट पाणी सुटते, पुळी बसते, महिन्याभराने पुन्हा येते. हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले असते. दातांच्या मुळाशी होणाऱ्या रोगांत सुश्रुताने अशा पाच नाड्या मोजल्या आहेत.

त्यांचा उपचारही सांगितला आहे आणि तो नीट वाचण्यासारखा आहे. पुळीवर लेप लावत बसू नका, नाडी ज्या दाताची असेल तो दात काढा, भोवतालचे मांस शस्त्राने छेदून जागा स्वच्छ करा आणि क्षाराने किंवा अग्नीने डागा. दाताकडे दुर्लक्ष केले तर ही वाट जबड्याचे हाड फोडून जाते, असा इशाराही दिला आहे. म्हणजे दिसते ती पुळी हा रोग नाही, रोगाचे घर दुसरीकडे आहे आणि ते घर अमुक एका दातात आहे, हे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी पक्के लक्षात आले होते.

सोबत एक अट आहे. वरचा घट्ट बसलेला दात काढू नये. अतिरक्तस्राव होऊन माणूस एका डोळ्याने आंधळा होतो, त्याचे तोंड वाकडे होते. इतकेच काय, वरचा दात हलत असला तरी वैद्याने त्याला हात लावू नये. ही अट आज आपण पाळत नाही. पण ती भीती अगदीच निराधार होती असे मला वाटत नाही. वरच्या जबड्यातला जंतुसंसर्ग चेहऱ्याच्या शिरांवाटे डोळ्याच्या खोबणीपर्यंत आणि क्वचित मेंदूलगतच्या शिरांपर्यंत पोचू शकतो. कुणी तरी असा रोगी पाहिला असेल आणि दोष रक्तस्रावाला दिला असेल, असा माझा तर्क आहे.

अशा गळवांच्या खुणा हाडांतही राहतात. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन माणसांच्या सांगाड्यांचा आणि दातांचा अभ्यास जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. अशा अभ्यासात जबड्याच्या हाडाला मुळाच्या टोकाशी गोल, गुळगुळीत कडांचे भोक दिसले की तिथे एके काळी पू होता असे समजतात. इजिप्तचा सम्राट दुसरा रामसेस याच्या ममीतही दाताच्या गळवाची अशी खूण सापडली आहे.

भुलीची गोष्ट

दात काढा, हे सांगणे सोपे. पण सुजलेल्या जबड्यातली दाढ भुलीशिवाय काढून घ्यायला कोण तयार होईल? माणसे शेवटच्या घटकेपर्यंत थांबत, ती उगाच नाही.

या गोष्टीत आमच्या भागाचाही दूरचा संबंध येतो. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. युरोपात आणि अमेरिकेत १८४०च्या दशकात नायट्रस ऑक्साइड, ईथर आणि क्लोरोफॉर्म ही भुलीची द्रव्ये आली. पहिल्या दोन्हींच्या मागे हॉरेस वेल्स आणि विल्यम मॉर्टन हे दातांचेच डॉक्टर होते. क्लोरोफॉर्म वापरायला सोपे, पण त्याखाली माणसे अचानक दगावत, दात काढण्यासारख्या किरकोळ कामातही. मरण हृदय थांबून येते की श्वास थांबून, यावर मोठा वाद होता. तो सोडवायला निजामाच्या खर्चाने १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत दोन आयोग बसले. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यात पुढे होता. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला की श्वासाकडे लक्ष ठेवा, हृदयाची काळजी नको. तो चुकीचा ठरला. क्लोरोफॉर्मने हृदयाची लय बिघडून तत्काळ मृत्यू येऊ शकतो हे १९११ साली गुडमन लेव्ही याने दाखवले. प्रयोगांची संख्या मोठी म्हणजे निष्कर्ष बरोबर, असे नसते याचे हे चांगले उदाहरण आहे.

दातांपुरता प्रश्न सुटला तो दुसऱ्याच वाटेने. डोळ्यात कोकेनचे थेंब टाकले की तो बधिर होतो, हे १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलरने दाखवले. लगेच अमेरिकेत विल्यम हॉलस्टेडने खालच्या जबड्याच्या मज्जातंतूजवळ कोकेन टोचून अर्धा जबडा बधिर करून दाखवला. या प्रयोगांच्या नादात तो स्वतः कोकेनच्या आहारी गेला. पुढे नोव्होकेन आले, मग १९४३ साली स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झाले. आज परभणीच्या दवाखान्यात दाढेपाशी जे इंजेक्शन देतात ते बहुधा लिग्नोकेनचेच.

बंद खोलीतली सूज

आता दाताच्या आत शिरू. वरचे एनॅमल कठीण, त्याखाली डेंटिन, आणि मधोमध एक पोकळी. त्या पोकळीत मऊ गर असतो. यालाच दंतमज्जा म्हणतात. रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू मुळाच्या टोकाशी असलेल्या, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान भोकातून आत येतात. बोटाला जखम झाली की बोट सुजते, कारण त्याला सुजायला जागा असते. दातातल्या गराच्या चारी बाजूंना भिंती. सूज आली की दाब वाढतो, रक्त आत-बाहेर करायची वाट चिंचोळी, आणि गर हळूहळू मरतो.

रोगी जे सांगतो त्यावरून हा प्रवास ओळखता येतो. थंड पाणी लागले की चमक येते आणि क्षणात जाते, तेव्हा गर अजून वाचवता येण्यासारखा असतो. गरम चहाने सुरू झालेली कळ बराच वेळ टिकते, रात्री आडवे झाल्यावर आपोआप ठणका लागतो, नेमकी कोणती दाढ हे बोट ठेवून सांगता येत नाही, तेव्हा गर सुजून परत न फिरण्याच्या टप्प्याला आलेला असतो. मग एके दिवशी दुखणे थांबते. माणूस सुटकेचा श्वास टाकतो. वास्तविक आतले मज्जातंतूच मेलेले असतात. जंतू आणि त्यांची विषारी द्रव्ये मुळाच्या टोकातून बाहेरच्या हाडात उतरतात, तिथे पू होतो, दाढ जराशी उंच झाल्यासारखी वाटते आणि घास चावला की कळ मस्तकात जाते. आता मात्र कोणती दाढ ते रोगी अचूक दाखवतो.

पुवाला वाट हवी असते. हाड पातळ असेल तिथून तो फुटतो. बहुधा हिरडीवर येतो, तीच सुश्रुताची नाडी. वरच्या सुळ्याचा पू नाकाशेजारी, डोळ्याखाली सूज आणतो. खालच्या पुढच्या दाताचा कधी हनुवटीच्या कातडीवर फुटतो. मग महिनोन् महिने तिथे मलम लावले जाते आणि दाताकडे कुणी पाहतच नाही. खालच्या मागच्या दाढांचा पू मात्र जिभेखाली आणि जबड्याखाली उतरू शकतो. स्टुटगार्टच्या विल्हेल्म फॉन लुडविगने १८३६ साली वर्णन केलेला रोग तो हाच. मानेचा वरचा भाग लाकडासारखा टणक होतो, जीभ वर उचलली जाते, श्वास अडतो. प्रतिजैविके येण्यापूर्वी या रोगाचे निम्म्याहून अधिक रोगी दगावत. किडक्या दाढेने माणूस मरतो, हे ऐकायला अतिशयोक्ती वाटते. ती नाही.

किड्याच्या जागी कोण?

पॅरिसच्या पिएर फोशारने १७२८ साली दंतवैद्यकावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. आपण सूक्ष्मदर्शकातून पाहिले पण दातात किडे काही दिसले नाहीत, असे त्याने त्यात नोंदवले आहे. दुखणाऱ्या दातातला पू बाहेर यावा म्हणून तो दात उघडून देई. पण किडा नाही तर मग कोण? ते त्याला सांगता येणे शक्य नव्हते. दातांवरच्या कीटणात असंख्य सूक्ष्म जीव हालचाल करताना लेव्हेनहूकने १६८३ सालीच पाहिले होते, पण त्यांचा दुखण्याशी संबंध जोडायला आणखी दोनशे वर्षे जावी लागली.

ते काम विलोबी मिलर या अमेरिकन माणसाने बर्लिनमध्ये केले. रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत त्याने जंतुशास्त्र शिकून घेतले होते. काढलेले दात, लाळ आणि पाव एकत्र करून शरीराच्या तापमानाला ठेवले तर दात मऊ पडतात, कारण जंतू पिठूळ पदार्थ आंबवून आम्ल तयार करतात, हे त्याने दाखवले. तोंडातल्या जंतूंवरचे त्याचे पुस्तक १८९० साली इंग्रजीत आले. पुढे मेलेल्या दंतमज्जेतही त्याला नाना आकारांचे जंतू सापडले.

इथवर सगळे ठीक चालले होते. मग एक विचित्र वळण आले. १९१० साली लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी मॉन्ट्रियलला एक व्याख्यान दिले. सोन्याच्या टोप्यांखाली कुजलेले दात साऱ्या शरीरात विष पसरवतात, असा त्यांचा आरोप होता. त्यातून संधिवात, पंडुरोग, पोटाचे विकार, सगळ्याचे मूळ दातात शोधण्याची लाट उसळली. गर मेलेला प्रत्येक दात उपटायचा, आणि संशय असेल तर चांगला दातही. न्यू जर्सीत ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन तर वेड बरे करण्यासाठी रोग्यांचे दात काढत असे. लाखो दात गेले. रोगी काही बरे झाले नाहीत. कुजलेल्या दाताने शरीराला अपाय होतो हे खरे आहे, पण एका खऱ्या गोष्टीवरून सगळ्या गोष्टींचा उलगडा करायला गेले की असे होते.

या वादावर पडदा टाकणाऱ्या अनेक गोष्टींत एक प्रयोग मला फार आवडतो. अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या दंत संशोधन संस्थेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड यांनी तो केला आणि १९६५ साली प्रसिद्ध केला. त्यांच्याजवळ पांढऱ्या उंदरांचे दोन गट होते. एक नेहमीचा. दुसरा जंतुविरहित कोठीत वाढवलेला, अंगावर किंवा आतड्यात एकही जंतू नसलेला. दोन्ही गटांतल्या उंदरांच्या दाढेला बारीक भोक पाडून आतला गर उघडा केला आणि तसाच सोडून दिला. खाल्लेले अन्न दोघांच्याही भोकात जाऊन बसले. नेहमीच्या उंदरांत आठ दिवसांत गराचा बराच भाग मेला आणि पुढे गळवे झाली. जंतुविरहित उंदरांत मात्र, भोकात अन्न रुतलेले असूनही, गर जिवंत राहिला आणि सुमारे दोन आठवड्यांत भोकावर नव्या डेंटिनचा पूल बांधला जाऊ लागला.

भोक, अन्नाचे कण, इजा, सगळे दोन्हीकडे सारखे. फरक एकच, जंतू. नियंत्रित प्रयोग म्हणजे काय हे अकरावी-बारावीच्या मुलांना समजावायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. याचा दुसरा अर्थही महत्त्वाचा आहे. जंतू बाहेर काढले आणि पुन्हा आत येऊ दिले नाहीत तर दात काढायची गरज नाही. रूट कॅनालच्या उपचाराला खरा आधार मिळाला तो इथे.

माग काढणे

आता निदानाकडे. वरची लक्षणे ऐकून घेतल्यावर डॉक्टर दातावर हलकेच टकटक करून पाहतात, थंड स्पर्शाला दात उत्तर देतो का ते शेजारच्या दाताशी ताडून बघतात, आणि मग क्ष-किरण फोटो काढतात. राँटगेनचा शोध जाहीर होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, १८९६च्या जानेवारीत, जर्मनीतल्या ओटो वाल्खोफने स्वतःच्या दातांचा फोटो घेतला. त्यासाठी तो पंचवीस मिनिटे स्थिर राहिला! न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्सने मुळात धातूची तार घालून तिची लांबी फोटोत मोजली. सरसकट दात उपटण्याच्या लाटेविरुद्धही तो ठामपणे बोलला. फिल्म हातात धरून धरून त्याची बोटे गेली, मग हात गेला, आणि अखेर १९२८ साली त्याने जीवन संपवले.

फोटोत मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसली की तिथले हाड विरघळले असे समजतात. पण हाडातली सुमारे ३० ते ५० टक्के खनिजे गेल्याशिवाय ही सावली नीट उमटत नाही. म्हणून गळू नुकतेच झाले असेल तर फोटो अगदी चांगला दिसू शकतो. 'फोटोत काही नाही' म्हणजे दाताला काही नाही, असे नव्हे.

हिरडीवर पुळी असेल तर आणखी एक सुरेख युक्ती आहे. गट्टापर्चाची बारीक, लवचीक काडी पुळीच्या तोंडातून आत सरकवायची आणि फोटो घ्यायचा. काडी वळत वळत जाऊन दोषी मुळाच्या टोकाशी थांबते. नाडी कोणत्या दाताची, या जुन्या प्रश्नाचे उत्तर फोटोत पांढऱ्या रेघेने लिहिलेले मिळते. गट्टापर्चा हा मलाया भागातल्या एका झाडाचा चीक, आपल्या चिकूच्या आणि मोहाच्याच कुळातला. समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलींना एके काळी याचेच आवरण असे. १८६७ पासून साफ केलेली मुळे भरायला तो वापरला जातो. मुळातला गर काढायची पहिली बारीक हत्यारे १८३८ साली एडविन मेनार्डने घड्याळाची स्प्रिंग घासून केली होती.

उपचाराचे सूत्र आजही दोनच गोष्टींचे आहे. पुवाला वाट करून द्यायची आणि जंतूंचे घर साफ करायचे. वाट दातातून करतात किंवा हिरडीला छेद देऊन. घर साफ करायचे म्हणजे मेलेला गर काढून, मूळ जंतुनाशकाने धुऊन, गट्टापर्चाने बंद करायचे. ते शक्यच नसेल तर दात काढायचा.

गोळीचा भरवसा

मग प्रतिजैविकांचे काय? पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती. लुडविगच्या रोगासारख्या प्रसंगी या औषधांनी किती जीव वाचवले असतील! मेट्रोनिडाझोलची कथा तर मजेदार आहे. दुसऱ्याच रोगासाठी ते घेणाऱ्या एका बाईने आपल्या हिरड्याही बऱ्या झाल्याचे सांगितले, आणि १९६२ साली लंडनच्या शिन या दंतवैद्याने ते प्रसिद्ध केले. त्यातून प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जंतूंवरचे एक औषध हाती आले. मेलेल्या गरात नेमके तसलेच जंतू वस्ती करतात.

पण औषध रक्तातून जाते, आणि मेलेल्या गरात रक्तच पोचत नाही. गोळ्यांनी भोवतालची सूज उतरते, ताप उतरतो, आतले जंतू जागच्या जागी राहतात. चार महिन्यांनी पुन्हा तेच. म्हणूनच अमेरिकन दंतवैद्यक संघटनेने २०१९ साली स्पष्ट सांगितले की दातावर प्रत्यक्ष उपचार करता येत असतील तर बहुतेक रोग्यांना प्रतिजैविकाची गरज नाही. ताप, पसरणारी सूज अशी लक्षणे असतील तेव्हा ती द्यावीत. आमच्याकडे चालते ते नेमके उलट. मेडिकलच्या दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या आणायच्या, दुखणे थांबले की उरलेल्या फळीवर ठेवून द्यायच्या. गोळी ही बाजारातल्या धुरीसारखीच वापरली जाते, फक्त तिच्यात खरे औषध असते. आणि अर्धवट वापराने त्या औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात, ते वेगळेच.

पूर्वी याला सबब होती. मराठवाड्यात शासकीय दंत महाविद्यालय निघाले ते १९८२ साली, औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला. सोनपेठ-पालमकडच्या माणसाने एका दाढेसाठी तिथवर जायचे कधी? आता परभणीतच दंत महाविद्यालय आहे. तरी बिब्बा लावणे, दाढेत तंबाखूची गोळी धरणे, गालाला बाहेरून कडक शेक देणे हे चालूच असते. बिब्ब्याने कातडी भाजते, शेकाने पू गालाकडे ओढला जाण्याची भीती असते. लवंगेच्या तेलाचे तेवढे खरे. त्यातले युजेनॉल दातांचे डॉक्टरही वापरतात, पण तेही दुखणे दडपते, गळू बरे करत नाही.

वर्गातला एखादा मुलगा गाल सुजवून आला तर काही गोष्टी पाहाव्यात. ताप आहे का? तोंड नीट उघडते का? थुंकी गिळता येते का? जिभेखाली किंवा जबड्याखाली टणक सूज आहे का? डोळा झाकत चालला आहे का? यातले एक जरी असेल तर वाट न बघता त्याच दिवशी त्याला रुग्णालयात पोचवायला पालकांना सांगावे.

आणि एखादी मुलगी म्हणाली, "सर, माझी दाढ लई दुखत होती, आता आपोआप बरी झाली," तर तिला उजेडाकडे तोंड करून ओठ बाजूला ओढायला सांगा. त्या दाढेच्या जरा वर किंवा खाली, हिरडीवर, मुगाएवढी पुळी दिसते का बघा. दाढ दुधाची असली तरी घरी निरोप द्या. तिच्या मुळाशी कायमचा दात घडत असतो.